काय पाहिजे, आन् काय येतंय?

बदली होऊन औशाला गेलो, तेव्हा ज्या बाईंच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या त्यांनी आम्हाला 'या, बसा' म्हटलंच नाही. टेम्पोतून उतरणाऱ्या सामानाकडं बघत त्यांनी विचारलं, "काय पाहिजे, आन् काय येतंय?"

मला वाटलं, भाडेकरूची चौकशी चालली आहे. मी म्हणालो, खोल्या पाहिजेत, आणि कॉलेजात भूगोल शिकवता येतो.

"भूगोलाचं हितं काय काम न्हाई. दुसरं?"

दुसरं काही मला चटकन सुचेना. शेवटी माझी बायको सुनंदा कडेवरची पोरगी सावरत म्हणाली की तिला शिवण येतं. बाईंचा चेहरा खुलला. खोल्या हिच्या, त्या म्हणाल्या, तुम्ही ऱ्हावा सोबत. आणि किल्ली त्यांनी सुनंदाच्या हातात दिली. मी भाडं देत असूनही त्या घरात पुढं कितीतरी दिवस मला 'सोबतचा माणूस' हाच हुद्दा होता.

सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. उंच, काटक बाई. कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगावर इरकली लुगडं आणि पायात पुरुषी चपला. चपला वारलेल्या नवऱ्याच्या होत्या. कुणी विचारलं तर सांगायच्या, माणूस गेला, चपला झिजल्या न्हाईत अजून, फेकू कशाला. माहेर उदगीरकडचं, त्यामुळं राग आला की त्या कानडीत जायच्या. "सुम्न कूड" एवढं एक मला लवकर समजायला लागलं, कारण गप बस असं सांगायची पाळी त्यांच्यावर माझ्याबाबतीत वारंवार यायची.

घराच्या पुढं, रस्त्याला लागून, पत्र्याचं मोठं शेड होतं. अक्कांचे मालक डाळीचे व्यापारी होते आणि ते होते तोवर तिथं तुरीची पोती असायची. मग मालकांना अर्धांगवायू झाला. त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची आली, कमोडची खुर्ची आली, हवेची गादी आली. ते गेल्यावर हे सगळं शेडात पडून होतं, तर गल्लीतलं कुणी तरी विचारत आलं की आमच्या म्हाताऱ्यासाठी महिनाभर खुर्ची मिळंल का. अक्कांनी दिली. ती परत आली तेव्हा सोबत एक वॉकर आला, त्यांच्या घरात पडून असलेला. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. शिलाई मशीन आलं, ड्रिल मशीन आलं, लग्नकार्यातली पातेली, मोठा कुकर, उंच शिडी, पोरांची जुनी पुस्तकं. ज्याला लागेल त्यानं न्यावं, काम झालं की आणून ठेवावं. पैसा घ्यायचा नाही हे अक्कांचं ठरलेलं होतं. पण फुकटही काही मिळायचं नाही. वस्तू मागायला गेलेल्या माणसाला अक्का तोच ओळखीचा प्रश्न विचारायच्या, काय पाहिजे आन् काय येतंय. मग त्या माणसाच्या घरात कशावाचून अडतंय हे खोदून खोदून काढायच्या आणि अट घालायच्या. जे येत असेल ते दुसऱ्याला शिकवायचं, जे येत नसेल ते शिकायचं. त्याशिवाय वस्तू शेडाबाहेर पडत नसे.

या अटी घालताना त्यांना एक प्रकारचं दुष्ट सुख मिळायचं, असं माझं अजूनही मत आहे. एकदा एका लग्नघरातून पातेली मागायला माणसं आली. अक्का म्हणाल्या, न्या की, पण परत देताना नवरदेवानं स्वतः घासून आणायची. माणसं हसून हो म्हणाली. लग्न लागलं, वरात निघायच्या वेळी अक्का मांडवात हजर. नवरदेवाच्या हातावरची हळद निघाली नव्हती आणि तो बिचारा नळावर बसून बुडाला लागलेला मसालेभात खरवडत होता. सासरेबुवा लाजेनं इकडं तिकडं बघत होते. नवरी मात्र पदराआड हसत होती. अक्का तिच्या कानात काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते मी पुढं कधीतरी विचारलं, तर म्हणाल्या, "म्हणलं, बघून ठेव. घासता येतंय ह्याला. उद्या येत न्हाई म्हणाला तर मला हाक मार."

त्यांची सगळ्यात मोठी शिकार म्हणजे साहेब. हे निवृत्त नायब तहसीलदार आमच्याच गल्लीत राहायचे. घरातही कोट घालून बसायचे. बायको वारली होती, मुलं परगावी, आणि डबेवाल्या बाईनं काम सोडलं म्हणून ते बिस्किटांवर दिवस काढत होते. हे कुणाला सांगणं त्यांच्या पदाला शोभणारं नव्हतं. ते शेडात आले ते शिडी मागायला, माळ्यावरचं काहीतरी काढायचं म्हणून. अक्कांनी त्यांच्या कोटावरचे बिस्किटाचे कण बघितले आणि दोन अटी घातल्या. एक, अक्कांच्या स्वयंपाकघरात बसून भाकरी शिकायची. दुसरी, गल्लीतल्या ज्या बाया रेशन कार्डासाठी, अपंगाच्या दाखल्यासाठी कचेरीत जाऊन हात हलवत परत येत होत्या, त्यांच्यासोबत जायचं.

साहेब म्हणाले, मी सांगतो त्यांना कुणाला भेटायचं ते.

"सांगायचं न्हाई. जायचं. रांगेत उभं ऱ्हायचं."

आणि साहेब राहिले. ज्या खिडकीच्या आत त्यांनी उभी हयात काढली होती, त्या खिडकीच्या बाहेर, ऊन खात, डोक्यावर पदर घेतलेल्या बायांच्या मागं, कोट घालून. पहिल्या दिवशी आतला कारकून त्यांना बघून खुर्चीतून उठला. साहेबांनी त्याला बसायला सांगितलं आणि रांगेतच थांबले, कारण मागं अक्का उभ्या होत्या. काही महिन्यांत त्या बायांना साहेबांची गरज उरली नाही. कुठल्या टेबलावर काय बोलायचं ते त्या एकमेकींना सांगायला लागल्या. साहेबांना याचं थोडं वाईट वाटलं. ते तरीही अधूनमधून रांगेत जाऊन उभे राहायचे.

माझी पाळी आली ती पोरगी शाळेत जायला लागल्यावर, सुनंदा पाय घसरून पडली तेव्हा. मांडीचं हाड मोडलं. लातूरला ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की दोन-तीन महिने काळजी घ्या, पाय टेकवायचा नाही. घरी आणलं आणि मला पहिल्यांदा कळलं की आपल्या घरात चहाची पूड कुठल्या डब्यात असते ते आपल्याला माहीत नाही. मी कंधारला मायला फोन केला. माय म्हणाली, सोमवारच्या गाडीनं निघते. मला हायसं वाटलं. मी शेडात गेलो आणि कमोडची खुर्ची आणि वॉकर मागितला.

अक्कांनी विचारलं, पोरीची वेणी कोण घालतंय. मी म्हटलं, सोमवारी माय येतेय. अक्का उठल्या. खुर्ची आणि वॉकर दिला. त्यांनी अट घातली नाही, याचा मला संशय यायला हवा होता.

सोमवारी माय आली नाही. मंगळवारी मी फोन केला तर ती फुललेल्या आवाजात सांगायला लागली. तुझ्या मालकीणबाईंचा फोन आलता. म्हणल्या, तुमचं पोरगं लई हुशार, सैपाक, धुणं, पोरीचं, सगळं करून राहिलं. तुम्ही आलाव तर त्याला वाटंल मायला आपला भरवसा न्हाई. मायनं ही बातमी कंधारातल्या सगळ्या गल्लीला सांगून टाकली होती. मामाला कळवलं होतं. आता 'ते खोटं आहे, तू ये' असं सांगायला माझी जीभ वळेना. मी म्हटलं, हो, करतोय, आणि फोन ठेवला.

मग तणतणत अक्कांकडं गेलो. त्या सूप घेऊन डाळ निवडत होत्या. माझ्या घरात ढवळाढवळ करायचा तुम्हाला काय अधिकार, वगैरे मी बरंच बोललो. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं, कानडीत गेल्या नाहीत.

"तुमच्या मायच्या गुडघ्याचं ठावं हाय का तुमाला?" त्या म्हणाल्या. "म्या फोनवर विचारलं. जिना बसून बसून चढती म्हणली. ती हितं येऊन खाली बसून भाकऱ्या थापणार, आन् तुम्ही ताटाची वाट बघणार. मंग तिच्यासाठी वॉकर कुठून आणू? एकच हाय, तो तुमीच नेलाव."

डाळीतला एक खडा काढून त्यांनी अंगणात भिरकावला आणि अट सांगितली. भाकरी साहेब शिकवतील, वेणी चाचा शिकवतील.

चाचा म्हणजे कोपऱ्यावरचे गादीवाले. कापूस पिंजून गाद्या भरायचा त्यांचा धंदा, दाढीत कायम कापसाचे पुंजके अडकलेले. बायको लवकर गेली आणि तीन मुली त्यांनी एकट्यानं वाढवल्या होत्या. मी पोरीला घेऊन दुकानात गेलो. चाचांनी तिला गादीवर बसवलं, कंगवा मागितला आणि म्हणाले, "सर, पहले बाल को डरना नक्को. बच्ची रोती वो दुखने से नै, तुम डरते ना, इसलिए रोती." त्यांच्या त्या जाड्या, सुईनं घट्टे पडलेल्या बोटांतून अशी सुबक वेणी उतरली की पोरगी आरशासमोरून हलेना. माझी वेणी मात्र बरेच दिवस बाजेच्या सुंभासारखी व्हायची. शाळेत बाईंनी पोरीला विचारलं, वेणी कुणी घातली, तर ती म्हणाली, चाचांनी. माझ्या वेणीची जबाबदारी घ्यायला ती तयार नव्हती.

भाकरीचं प्रकरण त्याहून अवघड होतं. साहेब रोज संध्याकाळी कोट काढून, बाह्या सारून आमच्या स्वयंपाकघरात बसत. पीठ मळून झालं की ते बोटानं दाबून बघायचे आणि निकाल द्यायचे. "नामंजूर. पाणी कमी. फेरचौकशी करा." तव्यावर भाकरी फाटली की ते मान हलवून म्हणायचे, पुढची तारीख. पलीकडच्या खोलीत सुनंदा पडल्या पडल्या हसायची. हसल्यावर पाय दुखतो म्हणायची, आणि परत हसायची. एक दिवस भाकरी फुगली. टम्म. साहेबांनी ती ताटात घेतली, सुनंदाकडं नेली आणि "मंजूर" म्हणून तिच्यापुढं ठेवली. त्या भाकरीचा एक काठ करपलेला होता, पण तिनं तोही खाल्ला.

सुनंदालाही अक्कांनी सोडलं नाही. वॉकर धरून ती अंगणापर्यंत यायला लागली, तशी अक्कांनी विचारलं, पाय मोडला का हात. मग तिला शेडात खुर्चीवर बसवलं, समोर गल्लीतल्या पोरीबाळी आणि दोन शिलाई मशिनी. मशीन पायानं चालवायचं, म्हणजे सुनंदाला चालवता येणार नाही, पोरींनाच चालवावं लागणार, हे अक्कांनी आधीच हेरून ठेवलं होतं. सुनंदा नुसती कातरीनं कापड कापून द्यायची आणि तोंडानं सांगायची. पाय बरा होईस्तोवर दोघी-तिघी स्वतःचे ब्लाऊज शिवायला लागल्या होत्या, आणि सुनंदाकडं बाहेरची कामं यायला लागली होती. ती पुढं वाढतच गेली. मायला मी खरी हकिगत नंतर सांगितली. ती म्हणाली, मला ठावं होतं. तुझा आवाजच रडवेला होता.

काही वर्षं अशीच गेली आणि एक दिवस टेप घेतलेली दोन माणसं येऊन शेड मोजून गेली. गल्लीत बातमी फिरली की पुण्याला असलेला अक्कांचा मुलगा शेड पाडून दुकानाचे गाळे काढणार. आम्ही पेटलो. साहेबांनी लगेच शेड बचाव समिती काढली. ते अध्यक्ष, मी सचिव, चाचा खजिनदार, खजिना नसताना. रविवारी सकाळी शेडातच सभा ठरली. अक्कांना काही कळवायचं नाही, थकलेल्या बाईला मुलाविरुद्ध उभं करणं बरं नाही, असं साहेबांचं मत पडलं.

त्या आठवड्यात अक्कांनी मला हाक मारली. शिडी चार दिवस तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, पत्र्याला रंग द्यायचाय, म्हणाल्या. दोन खोल्यांत ती शिडी मावेना. तिचं एक टोक स्वयंपाकघरात आणि दुसरं पलंगाखाली असं करून ठेवली.

रविवारी आम्ही सगळे शेडात जमलो. साहेब भाषणाला उभे राहिले, "ही वास्तू" एवढं म्हणाले आणि थांबले. शेड रिकामं होतं. खराट्यानं झाडलेल्या फरशीवर फक्त एक स्टूल होतं आणि त्यावर अक्का बसल्या होत्या. मी चाचांकडं बघितलं. चाचा म्हणाले, चाकाची खुर्ची त्यांच्या दुकानात आहे, चार दिवस ठेवायला दिली. समोरच्या घरातल्या वहिनी म्हणाल्या, मोठा कुकर माझ्याकडं, मला पण रंगाचंच सांगितलं. साहेबांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला. मग हळू आवाजात म्हणाले की कमोडची खुर्ची त्यांच्याकडं आहे.

"काय वाचवून राहिलाव?" अक्कांनी विचारलं. "पोराला कशाला नावं ठिवता? म्याच त्याला म्हणलं, गाळे बांध."

का, असं साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता.

"माझ्या दारात येऊन येऊन तुमाला सवय लागली. म्या मेल्यावर कुणाच्या दारात जाशीला? आतापासून एकमेकाच्या जावा. ज्याच्याकडं जे हाय ते त्याच्याकडंच ऱ्हाईल. मागायला आलेल्याला चहा पाजायचा."

साहेबांनी आभाराचा ठराव मांडायला घेतला. त्यातल्या दुसऱ्या वाक्यालाच अक्का उठून आंघोळीला गेल्या.

तिथून पुढं गल्लीतली आडनावं मागं पडली. चाचा खुर्चीवाले झाले, वहिनी कुकरवाल्या, आम्ही शिडीवाले. अनोळखी माणसं दारात येऊन विचारायची, शिडीवाले सर हितंच राहतात का. सुनंदा आतून चहाचं आधण टाकायची. साहेबांची मात्र पंचाईत झाली. त्यांनी कमोडच्या खुर्चीवर भरतकामाची चादर टाकून ती दिवाणखान्यात ठेवली होती आणि जुने सहकारी आले की ते नेमके तिच्यावरच ऐसपैस बसायचे. साहेबांना त्या नावानं हाक मारायची कुणाची हिंमत नव्हती. निदान तोंडावर नव्हती.

शेड पडलं, गाळे झाले, अक्का पुढच्या खोल्यांत आणि आम्ही मागं तसेच राहिलो. इतक्या वर्षांत अक्का आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आल्या नव्हत्या. जे काही असेल ते अंगणातून. एका संध्याकाळी त्या आल्या आणि चक्क पलंगावर बसल्या. तुरीचा भाव बोलल्या. पावसाचं बोलल्या. पोरगी आता मोठी झाली होती, तिच्या बारावीचं विचारलं. शिडीचा खिळा ढिला झालाय म्हणाल्या, जो झाला नव्हता. चहा प्याल्या. उठल्या, चपला पायात सरकवल्या, दारापर्यंत गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "उद्या लातूरला डोळ्याचं आपरेशन हाय. सोबत कुणी लागतंय म्हणले दवाखान्यात."

मी विचारलं, मुलाला कळवलं का. त्या म्हणाल्या, तो येईल की, पण गाडी घेऊन येईल आणि मला पुण्याला घेऊन जाईल, कायमचं. एवढं बोलताना त्यांनी दाराची चौकट धरली होती. आम्हाला काय येतं हे त्यांना आमच्याहून जास्त माहीत होतं, तरी एवढंसं मागायला त्यांना तुरीपासून शिडीपर्यंत फिरून यावं लागलं. सुनंदानं फक्त विचारलं, किती वाजता निघायचं. आणि कपाटातून स्वतःची चांगली साडी काढून ठेवली.

सकाळच्या एसटीनं आम्ही अक्कांना घेऊन लातूरला गेलो. कुणाला सांगायचं नाही, अशी त्यांची ताकीद होती. सुनंदानं फक्त कुकरवाल्या वहिनींना सांगितलं होतं. अक्कांना आत नेलं, आम्ही बाकावर बसलो. तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आल्या. मग चाचा आले, दाढीत कापूस, हातात एक मऊ उशी. मग साहेब, कोट घालून, घामानं निथळत. वहिनींनी सुनंदाकडं बघायचं टाळलं. बाकावर जागा पुरेना, चाचा भिंतीला टेकून उभे राहिले.

बऱ्याच वेळानं दार उघडून एक तरुण नर्स बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर गोंधळ होता. म्हणाली, आजींचं ऑपरेशन छान झालंय, पण त्या गप्प पडत नाहीत, सारखी नावं घेतायत, आणि ती नावं तिला काही कळत नाहीत. "शिडीवाले कोण? आन् कुकरवाल्या? खुर्चीवाले?"

सुनंदा उठली, मी उठलो. वहिनी उठल्या. चाचा उभेच होते, त्यांनी हात वर केला.

नर्सनं परत एकदा आत वळून बघितलं, मग आमच्याकडं बघितलं आणि आवाज थोडा खाली आणून विचारलं, "आणि कमोडवाले?"

साहेबांनी एकदा इकडं तिकडं बघितलं. कोटाचं वरचं बटण लावलं आणि उभे राहिले.